विभंगाजवळील भूकंपीय हालचाल

भूकंपाच्या वेळी ज्या विभंगावर खडक सरकतात त्याच्या निकटच्या पट्ट्यात, साधारणतः दहा ते वीस किलोमीटरांच्या आत, जमिनीला जी विशिष्ट स्वरूपाची गती प्राप्त होते तिला विभंगाजवळील भूकंपीय हालचाल असे म्हणतात. दूरच्या प्रदेशात जमीन बराच वेळ मागेपुढे हेलकावत राहते. विभंगाजवळ मात्र पुष्कळदा भूकंपाची बहुतांश ऊर्जा एक-दोन मोठ्या हिसक्यांतच इमारतीच्या पायाशी येऊन पोहोचते. या हिसक्याला भूकंप अभियांत्रिकीत वेगस्पंद अशी संज्ञा आहे. त्याखेरीज जमिनीचे कायमचे सरकणे आणि तीव्र उभी हालचाल हीदेखील या पट्ट्याची वैशिष्ट्ये होत.

हा फरक एका परिचित अनुभवावरून ध्यानात येईल. खडबडीत रस्त्यावरून धावणाऱ्या एस. टी. गाडीत उभा असलेला प्रवासी दांडी धरून, पाय रोवून तासभर सहज तग धरतो. पण चालकाने एकदाच करकचून ब्रेक दाबला की तोच प्रवासी पुढच्या माणसावर जाऊन आदळतो. पहिल्या प्रकारच्या हादऱ्यांशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ मिळतो, दुसऱ्यात तो मिळत नाही. इमारतींच्या भूकंपरोधक संकल्पनाचे बरेचसे जुने नियम पहिल्या प्रकारचा हादरा डोळ्यांसमोर ठेवून घडलेले होते. विभंगालगतच्या वस्त्यांना मात्र दुसऱ्या प्रकाराला तोंड द्यावे लागते.

संज्ञा आणि अंतराचा प्रश्न

भूकवचातील ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या सापेक्ष सरकलेले असतात तिला विभंग म्हणतात. शालेय भूगोलात यासाठी प्रस्तरभंग हा शब्द रूढ आहे. जेथे सरकण्यास प्रारंभ होतो तो भूगर्भातील बिंदू म्हणजे भूकंपनाभी, आणि तिच्या थेट वर भूपृष्ठावर असणारा बिंदू म्हणजे अपिकेंद्र.

वृत्तपत्रांत ‘अपिकेंद्रापासून इतके किलोमीटर’ अशी माहिती दिली जाते. मोठ्या भूकंपाच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी ठरू शकते, कारण अपिकेंद्र हे केवळ उसवण्यास जेथून सुरुवात झाली ते ठिकाण असते. कापडाच्या दुकानात विक्रेता ताग्याला कात्रीने बारीकशी चीर पाडतो आणि मग हातांनी टर्रकन कापड फाडत नेतो. अपिकेंद्र म्हणजे ती पहिली चीर होय. पुढे कापड हातभर फाटले की दहा हात, हे चिरेच्या जागेवरून कळत नाही. २१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये झालेल्या ७.६ परिमाणाच्या भूकंपाचे अपिकेंद्र ची-ची या गावाजवळ, चेलुंगपू विभंगाच्या दक्षिण भागात होते. पण जमीन सर्वांत जास्त सरकली ती तेथून कित्येक किलोमीटर दूर, विभंगाच्या उत्तर टोकाकडे. म्हणूनच अभियंते अंतर मोजताना विभंगाच्या फाटलेल्या भागापासूनचे किमान अंतर विचारात घेतात.

अभ्यासाचा इतिहास

विभंगाच्या अगदी कडेला मिळालेली पहिली महत्त्वाची यांत्रिक नोंद २७ जून १९६६ ची आहे. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे सुमारे ६ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा सॅन आंद्रेआस विभंगापासून अवघ्या ऐंशी मीटरांवर एक त्वरणलेखक बसविलेला होता. विभंगाला काटकोनात असलेल्या दिशेत त्याने गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ निम्मे त्वरण नोंदविले. त्या काळी हा आकडा धक्कादायक होता. तरीही परिसरातील घरांचे नुकसान तुलनेने किरकोळ होते. जॉर्ज हाउसनर आणि मिहैलो ट्रिफुनॅक यांनी या नोंदीचा अभ्यास करून दाखविले की तीव्र हालचाल फारच थोडा वेळ टिकली होती आणि तिचे स्वरूप एका ठळक स्पंदासारखे होते. निव्वळ कमाल त्वरणावरून हानीचा अंदाज बांधता येत नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट झाली.

पुढचा धडा अधिक कठोर होता. ९ फेब्रुवारी १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात पकोइमा धरणाच्या बाजूच्या खडकाळ कड्यावरील यंत्राने गुरुत्वत्वरणाहूनही अधिक आडवे त्वरण नोंदविले. सर्वांचे लक्ष त्या विक्रमी शिखराकडे गेले. त्याच नोंदीत सुरुवातीला मात्र एक रुंद, कमी उंचीचा पण दीर्घकाळ टिकणारा स्पंद दडलेला होता. त्या भूकंपात नव्यानेच उभारलेल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची मुख्य इमारत तळमजल्याच्या पातळीवर एका अंगाला सरकून कलली आणि तिचे जिन्यांचे मनोरे मूळ इमारतीपासून सुटून बाहेर झुकले वा कोसळले. व्हिटेल्मो बर्टेरो, स्टीफन माहिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये दाखविले की असल्या हानीला उंच, टोकदार शिखरापेक्षा तो रुंद स्पंदच अधिक जबाबदार होता. आज हे पाठ्यपुस्तकांत असले तरी त्या वेळी फारसे कोणी मनावर घेतले नाही, असेच म्हणावे लागेल. विषयाला खरे महत्त्व आले ते १९९४ चा नॉर्थरिज आणि बरोबर एका वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी, झालेला कोबे भूकंप यांनंतर. हे दोन्ही भूकंप आधुनिक, दाट वस्तीच्या शहरांच्या थेट खाली वा लगत झाले होते.

स्पंद कसा तयार होतो

विभंग एकाच क्षणी सबंध लांबीभर सरकत नाही. सरकणे एका ठिकाणी सुरू होते आणि विभंगावरून पुढे पुढे धावते. त्याचा वेग खडकातील दुय्यम (कर्तरी) तरंगांच्या वेगाहून किंचित कमी, बहुधा सत्तर ते नव्वद टक्के, असतो. सगळी मेख या ‘किंचित कमी’मध्ये आहे.

समजा, एका लांब रस्त्यावर ओळीने गावे आहेत आणि एक निरोप्या पहिल्या गावातून निघून शेवटच्या गावाकडे चालला आहे. तो ज्या गावाशी पोहोचेल त्या गावची दिंडी त्याच क्षणी निघते, आणि दिंडीची चाल निरोप्यापेक्षा थोडीशीच जलद आहे. अशा वेळी शेवटच्या गावाच्या वेशीवर सगळ्या दिंड्या जवळजवळ एकदमच येऊन थडकतील आणि तेथे एकच गर्दी उसळेल. उलट दिशेने पहिल्या गावाकडे निघालेल्या दिंड्या मात्र एकामागून एक, बऱ्याच अंतराने येत राहतील. येथे निरोप्या म्हणजे पुढे धावणारे विदारण आणि दिंड्या म्हणजे त्यापासून निघणारे तरंग.

हेच थोडे अंकगणित करून पाहता येते. विभंग ३० किलोमीटर लांब, तरंगांचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटर आणि विदारणाचा वेग सेकंदाला २.८ किलोमीटर मानू. विदारण ज्या टोकाकडे धावत आहे तेथे पहिला तरंग सुमारे ८.६ सेकंदांनी आणि शेवटचा सुमारे १०.७ सेकंदांनी पोहोचेल. म्हणजे सारी ऊर्जा जेमतेम दोन सेकंदांत कोंबली जाईल. जेथून विदारण सुरू झाले त्या टोकाला मात्र शेवटचा तरंग सुमारे १९.३ सेकंदांनी येईल. भूकंप एकच, विभंगही एकच. पण एका टोकाच्या गावाला दोन सेकंदांचा प्रचंड हिसका बसतो आणि दुसऱ्या टोकाच्या गावाला एकोणीस सेकंदांची तुलनेने सौम्य थरथर जाणवते. या घटनेला विदारणाची दिशानुवर्तिता म्हणतात. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर चढा वाटतो, त्या डॉप्लर परिणामाशी तिचे नाते आहे.

२८ जून १९९२ च्या लँडर्स भूकंपात (परिमाण ७.३) याचा पडताळा मिळाला. विदारण उत्तरेकडे धावले. त्या बाजूच्या ल्युसर्न केंद्रावर थोडक्या सेकंदांचा मोठा वेगस्पंद उमटला. अपिकेंद्राच्या जवळ असलेल्या जोशुआ ट्री केंद्रावरील नोंद लांबलचक, पण कमी वेगाची होती. पॉल सॉमरव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा अनेक नोंदींवरून दिशानुवर्तितेचे गणिती प्रतिमान मांडले.

खडक आडवे सरकतात अशा विभंगांवर हा स्पंद विभंगरेषेला समांतर नसून काटकोनात असतो. सामान्य वाचकाला हे उलटे वाटते, कारण जमीन एका दिशेला सरकते आणि मोठा हिसका मात्र तिच्या आडव्या दिशेने बसतो. कर्तरी तरंगांत कणांचे आंदोलन तरंगाच्या प्रवासाच्या दिशेला आडवे असते, हे त्याचे कारण.

स्पंदाचा आवर्तकाल भूकंपाच्या परिमाणाबरोबर वाढतो. ६ परिमाणाच्या आसपास तो साधारण एका सेकंदाचा असतो, ७ च्या आसपास तीन-चार सेकंदांपर्यंत जातो. यातून एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो: मध्यम उंचीच्या इमारतीला विभंगाजवळ मध्यम परिमाणाचा भूकंप कधी कधी मोठ्या भूकंपापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, कारण त्याचा स्पंद तिच्या स्वतःच्या आवर्तकालाशी जास्त जुळतो.

कायमचे विस्थापन

दिशानुवर्तितेचा स्पंद दुपदरी असतो: जमीन एकीकडे फेकली जाते आणि परत येते. दुसऱ्या प्रकारचा स्पंद एकपदरी असतो, म्हणजे जमीन एका दिशेला जाते आणि तेथेच राहते. विभंगाच्या दोन बाजू परस्परांपासून ढळल्यामुळे हे घडते, आणि त्याची दिशा सरकण्याच्या दिशेला समांतर असते.

तैवानचा १९९९ चा भूकंप या बाबतीत अभ्यासकांची खाण ठरला, कारण त्या बेटावर आधीच शेकडो त्वरणलेखकांचे जाळे होते. विभंगाच्या उत्तर टोकाजवळील एका केंद्रावर जमिनीचा कमाल वेग सेकंदाला सुमारे तीन मीटर भरला. शिह-कांग धरणाखालून विभंग गेल्याने त्याचा एक भाग कित्येक मीटर वर उचलला गेला आणि धरण तुटले. वुफेंग येथील एका माध्यमिक शाळेच्या मैदानावरील धावपट्टीही विभंगाने चिरली व एका बाजूला सुमारे अडीच मीटर उंच झाली. भूकंप पहाटेपूर्वी, पावणेदोनच्या सुमारास झाला, म्हणून वर्ग रिकामे होते. ती शाळा आता भूकंप संग्रहालय म्हणून जतन केली आहे. उचललेली धावपट्टी आणि कोसळलेले वर्ग तेथे जसेच्या तसे पाहता येतात.

या विस्थापनाशी एक तांत्रिक अडचण निगडित आहे. त्वरणाच्या नोंदीवरून वेग आणि विस्थापन काढण्यासाठी दोनदा संकलन करावे लागते, आणि यंत्राचा अत्यल्प कल किंवा विद्युत दोषही त्या क्रियेत अवाढव्य फुगतो. म्हणून पूर्वी सर्व नोंदींतील दीर्घ आवर्तकालाचा भाग सरसकट गाळून टाकण्याची पद्धत होती. त्या गाळणीत दोषांबरोबर खरे विस्थापनही जात असे. एखादे मैदान दोन मीटर सरकले तरी कागदावर ते मूळ जागी परतलेले दिसे. उपग्रहाधारित स्थानमापनाशी तुलना सुरू झाल्यावर ही चूक मोठ्या प्रमाणावर दुरुस्त झाली.

उभी हालचाल

जुन्या संकेतानुसार उभे त्वरण आडव्याच्या दोन-तृतीयांश धरतात. विभंगाजवळ, विशेषतः अल्प आवर्तकालांसाठी, ते आडव्याहून जास्त भरू शकते. २२ फेब्रुवारी २०११ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहराच्या अगदी लगत ६.२ परिमाणाचा भूकंप झाला. त्यात हीथकोट व्हॅली येथील प्राथमिक शाळेतील यंत्राने गुरुत्वत्वरणाच्या दुपटीहून अधिक उभे त्वरण नोंदविले. उभे त्वरण गुरुत्वत्वरणाला ओलांडते तेव्हा जमीन खाली जाताना तिच्यावर मोकळी ठेवलेली वस्तू क्षणभर अधांतरी राहते. खांबांवरील भार झपाट्याने कमी-जास्त होतो. भार घटलेल्या क्षणी आडवा धक्का बसला की काँक्रीटची, आणि त्याहून अधिक दगडी भिंतीची, कातरबलाला तोंड देण्याची शक्ती उणावते.

तिरप्या प्रतलावर वरचा खंड खालच्यावर चढतो अशा उलट विभंगांच्या बाबतीत वरच्या खंडावरील गावांना जास्त हादरे बसतात. त्यांच्या पायाखाली विभंगाचे प्रतल दूरवर पसरलेले असते, हे त्याचे साधे भूमितीय कारण.

बांधकामांवरील परिणाम

प्रत्येक इमारतीला झोक्याप्रमाणे स्वतःचा आवर्तकाल असतो. ढोबळमानाने मजल्यांच्या संख्येला दहाने भागले की प्रबलित काँक्रीटच्या सांगाड्याचा आवर्तकाल सेकंदांत मिळतो. दूरच्या भूकंपात झोक्याला वारंवार छोटे छोटे झोके द्यावेत तशी इमारत हळूहळू अनुनादाला येते. या काळात अवमंदन, म्हणजे सांध्यांतील घर्षण आणि पदार्थांतील अंतर्गत ऊर्जाव्यय, तिला आवर घालीत असते. विभंगाजवळचा स्पंद इमारतीला एकदाच ढकलतो. अवमंदनाचा प्रभाव आवर्तनांगणिक वाढत जातो. येथे पुरेशी आवर्तने होण्याआधीच सारे संपलेले असते. म्हणून इतरत्र उपयोगी ठरणारे अवमंदक विभंगाजवळ तितके प्रभावी राहत नाहीत.

आधुनिक संकल्पनाचे तत्त्व असे की मोठ्या भूकंपात इमारतीला काही ठिकाणी वाकू द्यावे. पोलादी सळया ताणल्या जाव्यात आणि ऊर्जा शोषली जावी, पण इमारत कोसळू नये. मागेपुढे हेलकाव्यांत हे वाकणे दोन्ही दिशांना वाटले जाते. इमारतीचा आवर्तकाल स्पंदाच्या आवर्तकालाहून बराच लहान असेल तर निराळेच घडते. इमारत वाकू लागते तेव्हा पायाखालची जमीन अजून त्याच दिशेने त्वरण घेत असते, त्यामुळे इमारत सावरण्यापूर्वीच आणखी त्याच बाजूला ढकलली जाते. सारे वाकणे एका अंगाला साचते. लवचीक आणि वाकलेल्या इमारतीचे कमाल विस्थापन जवळपास सारखेच राहते, हा अभियंत्यांचा सोयीचा नियम येथे लागू पडत नाही. अशा इमारतीला कागदोपत्री हिशेबाहून कितीतरी अधिक वाकावे लागते. ऑलिव्ह व्ह्यूच्या तळमजल्याचे असेच झाले होते. तेथे वरचे मजले ताठ आणि खालचा मोकळा होता, त्यामुळे सर्व विरूपण एकाच मजल्यावर एकवटले. आपल्या शहरांत वाहनतळासाठी तळमजला नुसत्या खांबांवर मोकळा सोडलेल्या इमारतींची संख्या पाहता हे उदाहरण परके मानण्याचे कारण नाही.

त्या रुग्णालयाची पुढची हकीकतही बोधक आहे. जुनी इमारत पाडून तेथे पोलादी कातरभिंतींची अतिशय ताठ आणि भक्कम इमारत बांधण्यात आली. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात तिच्या पायथ्याशी जवळपास गुरुत्वत्वरणाइतके, तर छतावर गुरुत्वत्वरणाच्या सुमारे २.३ पट त्वरण नोंदविले गेले. सांगाडा जवळजवळ अबाधित राहिला. तरीही आतील जलवाहिन्या फुटून पाणी पसरल्याने रुग्णांना बाहेर हलवावे लागले. सांगाडा वाचला म्हणजे रुग्णालय वाचले असे होत नाही, याची जाणीव अभियंत्यांना झाली. त्याच भूकंपात लॉस एंजलिस परिसरातील शंभराहून अधिक पोलादी सांगाड्यांच्या इमारतींत तुळई आणि खांब यांच्या जोडणीतील वितळजोड तडकलेले आढळले. या इमारती तोवर सर्वांत विश्वासार्ह समजल्या जात होत्या.

उंच इमारतींत आणखी एक गोष्ट घडते. स्पंद इमारतीच्या स्वतःच्या आवर्तकालाहून लहान असेल तर ती एकसंध झुकत नाही. दोरीला एका टोकाला हिसका दिल्यावर लाट पुढे सरकते तसा स्पंद मजल्यामजल्यांतून वर चढतो. परिणामी सर्वाधिक विरूपण तळाशी न होता मधल्या वा वरच्या मजल्यांवर होऊ शकते.

पाया आणि इमारत यांच्यामध्ये रबर-शिशाच्या गाद्या बसवून इमारत जमिनीपासून सुटी करण्याचे तंत्र दूरच्या भूकंपांसाठी उत्कृष्ट आहे. या गाद्यांमुळे इमारतीचा आवर्तकाल मुद्दाम दोन ते चार सेकंदांपर्यंत वाढविला जातो, आणि मोठ्या भूकंपाचा वेगस्पंद नेमका त्याच मर्यादेत येतो. टॉमस हीटन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये लॉस एंजलिसखालील ७ परिमाणाच्या काल्पनिक भूकंपाचे गणित मांडून अशा इमारतींच्या गाद्यांवर अपेक्षेपलीकडचे विस्थापन येईल, असा इशारा दिला. त्यामुळे हे तंत्र त्याज्य ठरत नाही. पण भोवतीचा मोकळा खंदक पुरेसा रुंद ठेवणे अपरिहार्य होते, अन्यथा इमारत कठड्यावर आदळते.

कोबेत ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे सर्वाधिक विध्वंस एका अरुंद लांब पट्ट्यात झाला. एक ते दीड सेकंदाचा स्पंद आणि डोंगर-मैदानाच्या सीमेवर गाळाच्या थरांत होणारे तरंगांचे एकत्रीकरण, असा दुहेरी योग तेथे जुळून आला होता. जड कौलारू छपरांची जुनी लाकडी घरे सांधे ढिले होताच याच आवर्तकालाच्या आसपास पोहोचली. याच्या नेमके उलट उदाहरण नेपाळचे आहे. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ परिमाणाच्या भूकंपात विभंगाचे प्रतल काठमांडूच्या खालून फाटत गेले, पण शहरातील एका नोंदीत कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सहाव्या हिश्शाच्या आसपासच होते आणि स्पंदाचा आवर्तकाल चार-सहा सेकंदांचा होता. शहरातील बहुसंख्य तीन-चार मजली घरांना तो जुळणारा नव्हता, त्यामुळे राजधानीची हानी भीती होती त्यापेक्षा कमी झाली. धरहरा मनोरा आणि अनेक प्राचीन मंदिरे मात्र पडली, आणि डोंगराळ जिल्ह्यांतील दगड-मातीच्या घरांनी हजारोंचे बळी घेतले.

महाराष्ट्र: कोयना आणि किल्लारी

विभंगाजवळील नोंदींच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास कोयनानगर परिसरात सहापेक्षा अधिक परिमाणाचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगरची वसाहत उद्ध्वस्त झाली. शिवाजीसागर जलाशय भरण्यास १९६२ पासून सुरुवात झाली होती. जलाशयाशी निगडित भूकंपांचे हे जगातील सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. धरणाच्या आतील भुयारी मार्गिकेत असलेल्या त्वरणलेखकाने धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, त्याला काटकोनात ०.४९ पट आणि उभ्या दिशेत ०.३४ पट त्वरण नोंदविले. धरणाच्या संकल्पनात भूकंपासाठी केवळ ०.०५ हा गुणांक धरलेला होता.

१०३ मीटर उंचीचे हे धरण टिकले, पण त्याच्या काही खंडांना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या. या भेगा तळाशी नव्हत्या. वरच्या भागात, जेथे मागील उताराचा कोन एकदम बदलतो त्या पातळीवर होत्या. अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी बर्कले येथे केलेल्या गणितातून नेमक्या त्याच पातळीवर सर्वाधिक ताण येतो असे निष्पन्न झाले. धरणाचे गणित ताठ ठोकळा समजून न करता कंप पावणारी वस्तू समजून केले पाहिजे, हे जगाला पटविण्यात कोयनेच्या या भेगांचा मोठा वाटा आहे. नंतर धरणाला मागील बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले. कोयनेच्या नोंदीत लांब वेगस्पंद ठळक नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. ती अल्प आवर्तकालाच्या टोकदार शिखरांनी भरलेली आहे, आणि सुमारे एक-तृतीयांश सेकंद आवर्तकाल असलेल्या धरणाला तीच जाचक ठरली. विभंगाजवळची प्रत्येक नोंद स्पंदयुक्त असतेच असे नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या किल्लारी भूकंपाच्या (परिमाण ६.२) वेळी विभंगाजवळ एकही त्वरणलेखक नव्हता. उलट विभंगावरील उथळ सरकण्याने किल्लारीजवळच्या शेतात जमीन उचलली गेल्याच्या खुणा भूपृष्ठावर उमटल्या. म्हणजे गावे अक्षरशः विभंगाच्या अंगावर होती. हजारोंच्या मृत्यूचा दोष मात्र मुख्यतः घरांच्या रचनेकडे जातो. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणाऱ्या आडव्या दगडांचा अभाव आणि माथ्यावर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. तेव्हाच्या भूकंपविभाग नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला.

संकल्पनाचे नियम आणि विभंगावरून जाणारी बांधकामे

अमेरिकेतील १९९७ च्या एकरूप बांधकाम संहितेने प्रथमच विभंगाच्या अंतरानुसार बल वाढविणारे गुणक घातले; मोठ्या भूकंपाच्या विभंगापासून दोन किलोमीटरांच्या आत दीर्घ आवर्तकालाच्या इमारतींसाठी हा गुणक दोनपर्यंत जातो. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीतील बलाची मांडणी मुख्यतः भूकंपविभागावर आधारलेली आहे. धरणे व तत्सम प्रकल्पांसाठी स्थळविशिष्ट अभ्यास केला जातो. सामान्य निवासी इमारतीच्या वाट्याला तसा अभ्यास येत नाही, ही उणीव म्हणावी लागेल.

विभंग प्रत्यक्ष इमारतीखालून जात असेल तर कोणतेही गणित पुरे पडत नाही. १९७१ च्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने १९७२ मध्ये कायदा करून सक्रिय विभंगरेषेवर वस्तीसाठी बांधकाम करण्यास मनाई केली. रस्ते, बोगदे आणि वाहिन्या यांना मात्र विभंग ओलांडावाच लागतो. तुर्कस्तानात १२ नोव्हेंबर १९९९ च्या भूकंपात बोलू येथील लांब उड्डाणपुलाला विभंगाने छेदले. पुलाचे गाळे आपल्या टेकूंवरून सरकले, पण खाली पडले नाहीत.

अलास्कातील तेलवाहिनी ही याहून विचारपूर्वक केलेली योजना होय. १९७० च्या दशकात ती बांधताना भूवैज्ञानिकांनी देनाली विभंगाची जागा निश्चित करून दिली होती. तेथे वाहिनी जमिनीत न पुरता जमिनीवर नागमोडी वळणाने नेली आणि लांब आडव्या तुळयांवर घसरू शकतील अशा पाट्यांवर ठेवली, जेणेकरून जमीन सुमारे सहा मीटर सरकली तरी ती तुटू नये. ३ नोव्हेंबर २००२ रोजी ७.९ परिमाणाचा भूकंप झाला आणि त्या ठिकाणी जमीन चार मीटरांहून अधिक सरकली. वाहिनी तुळयांवरून घसरली, काही टेकू मोडले, पण तेल सांडले नाही. तपासणीनंतर सुमारे तीन दिवसांत तिच्यातून तेलाचा प्रवाह पुन्हा सुरू झाला.